काटासाहेब विचार करतात

निवडणूक तोंडावर आलेली असताना शहाण्या माणसाने घराच्या दाराला रंग द्यायला काढू नये. हे काटासाहेबांना आधी कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. दाराची अवस्थाच तशी होती. मागच्या खेपेला दिलेला रंग सहा महिन्यांतच सुटायला लागला होता, आणि येणारा-जाणारा माणूस दारात उभ्या उभ्या बोलताना नखाने एखादा पोपडा काढून जात होता. विजेचं बिल देणारा तर खास त्यासाठी दोन मिनिटं जास्त थांबतो, असा काटासाहेबांचा संशय होता. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे गल्लीच्या काकूंनी, सांगितलं, की दार रंगवा, नाहीतर दिवसभर उघडंच ठेवत जा, म्हणजे निदान ते कुणाला दिसणार तरी नाही.

काटासाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी दुकानदारांच्या तराजूचे काटे तपासण्यात घालवली, म्हणून गल्लीने त्यांचं हे नाव पाडलं. पारडं केसभर झुकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मत देताना मात्र या गृहस्थांनी आयुष्यात कधी तराजू हातात धरला नव्हता. वडील शिडी निशाणीच्या पक्षाचे, म्हणून हेही शिडीवाले. त्या काळी मत म्हणजे कागदावर शिक्का, आणि काटासाहेब तो शिक्का शिडीच्या चित्रावर अशा सहजतेने मारत, की जणू पगारपत्रकावर सही करताहेत. शिडीकडून उभं कोण आहे हे त्यांना पुष्कळदा निकाल लागल्यावर कळायचं.

आणि त्याची गरजही नव्हती, कारण ती काळजी वाहायला अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे शिडी पक्षाचे वॉर्डाचे अध्यक्ष. ते पद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं, की पद दुसऱ्या कुणाला नको आहे की यांना सोडवत नाही, हे आता कुणीच सांगू शकलं नसतं. पोटापाण्यासाठी त्यांचा छोटा छापखाना होता. पण काटासाहेबांच्या लेखी ते ना अध्यक्ष होते ना छापखानेवाले. शाळेत एका बाकावर बसून, एकाच्या चुका दुसऱ्याने उतरवून घेत दोघं वर आले होते, आणि आता रोज संध्याकाळी ओसरीवर बुद्धिबळाचा डाव मांडायचे. डावात दोघंही सारखेच वाईट होते, त्यामुळे मैत्रीला कधी तडा गेला नाही.

तर रंगारी सकाळी येणार होता. कोणता रंग ते पक्कं करायचं राहिलं होतं. काटासाहेब न्हाणीघरात तोंडाला साबण लावून उभे होते. या घराच्या न्हाणीघराची खिडकी ओसरीवर उघडते. घर बांधणाऱ्याने हे का केलं ते तो बरोबर घेऊन गेला. दारावर टकटक झाली आणि बाहेरून कुणीतरी आवाज दिला, "साहेब, आपलं पक्कं ना?"

साबण डोळ्यात गेलेला माणूस आवाज ओळखत बसत नाही. काटासाहेबांनी आतूनच उत्तर दिलं, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. "कसलं पक्कं? मागच्या खेपेला डोळे मिटून तुमच्यावर विश्वास टाकला. वरून चकाचक, आणि सहा महिन्यांत पोपडे! आता या खेपेला मी स्वतः विचार करणार. विचार करून सांगतो."

 बाहेरची पावलं दूर गेली.

ओसरीवर रंगारी नव्हताच. तो त्या दिवशी उगवलाच नाही, रंगाऱ्यांच्या रीतीप्रमाणे. उभा होता तो शिडी पक्षाचा प्रचारक, जो एरवी विम्याचं काम करायचा. निवडणूक आली की पक्कं असलेल्या घरांवरून एक फेरी मारायची आणि "पक्कं ना?" विचारून चहा प्यायचा, एवढंच त्याचं काम. आता, "विचार करून सांगतो" या वाक्याचा अर्थ जगात सगळ्यात चांगला कुणाला कळत असेल, तर तो विमेवाल्याला. लग्नाचं स्थळ घेऊन गेलेल्यांनाही कळतो, पण त्यांना निदान आशा असते. विमेवाल्याला ते वाक्य इतक्या दारांत ऐकवलं गेलं होतं, की ते कानावर पडताच त्याची छत्री आपोआप काखेत जायची. आपल्याकडे "नाही" म्हणायची पद्धत नाही. "विचार करतो" म्हणायची आहे. बिचारा थेट छापखान्यात गेला आणि म्हणाला, की काटासाहेब फुटले.

त्या संध्याकाळी डाव मांडून काटासाहेब बसून राहिले. समोरची खुर्ची रिकामी. घोडे, उंट, सगळे आपापल्या जागी तयार, आणि वजीर हलवायला माणूस नाही. अध्यक्षांना बरं नसेल म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी काकू किराणा घेऊन आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "अहो, तुम्ही म्हणे विचार करताय? गल्लीभर बोभाटा झालाय." नवरा विचार करतो ही बातमी आपल्याला वाण्याकडून कळावी, याचं त्यांना विशेष वाईट वाटलेलं दिसलं.

त्या सकाळी दारात रंगारी नव्हता हे काटासाहेबांना आता कळलं, आणि इथेच त्यांनी खुलासा करून टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. ते करणारही होते. पण जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई भेटल्या. या बाई कुणाचं कौतुक करताना जिन्याच्या पायऱ्यांनासुद्धा कधी सापडल्या नव्हत्या. त्या थांबल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, की या वयात झापडं काढून स्वतंत्र विचार करायला छाती लागते, मुलांना मी आज तुमचंच उदाहरण दिलं. काटासाहेबांच्या जिभेवर "अहो, ते दाराबद्दल होतं" हे वाक्य येऊन उभं राहिलं, थोडा वेळ घुटमळलं आणि परत गेलं. पुढे वाणी भेटला, ज्याला त्यांनी एकदा खोट्या वजनाबद्दल दंड केला होता. त्याने गल्ल्यावरून उठून नमस्कार केला. आयुष्यभर लोकांनी ज्यांना बघून वजनं लपवली, त्यांना बघून लोक उठून उभे राहायला लागले, तर माणसाचा पाय थोडा जमिनीवरून सुटणारच. दोन दिवस काटासाहेब हात मागे बांधून फिरले. विचार करणारी माणसं तशी फिरतात अशी त्यांची समजूत होती.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र ती रिकामी खुर्ची त्यांना बघवेना. काकूंशी खेळून बघितलं, पण त्या प्यादं उचलताना "याला काय झालंय मागे यायला?" असं विचारायच्या. शेवटी काटासाहेब उठून छापखान्यात गेले.

अध्यक्ष मुद्रितं तपासत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "या. बसा. काय घेणार आपण?"

 ज्या माणसाने जन्मात "अरे गाढवा" याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, त्याने "आपण" म्हणावं, याच्याइतकी वाईट शिवी नाही. काटासाहेबांनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली, की अरे, मी रंगाबद्दल बोलत होतो.

"हो ना," अध्यक्ष थंडपणे म्हणाले. "दिसले ना आमचे रंग तुम्हाला."

दाराच्या रंगाबद्दल, काटासाहेबांनी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, की दाराबद्दलच म्हणा, आता आमच्यासाठी ते बंदच झालंय. पोपडे खरे होते, वाटल्यास येऊन बघ, असं काटासाहेबांनी म्हणताच अध्यक्षांनी समोरचा कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. ते पत्रक होतं. वर मोठी किटली, म्हणजे समोरच्या पक्षाची निशाणी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: "वरून चकाचक, सहा महिन्यांत पोपडे!" त्याखाली, बारीक टायपात, "वॉर्डातील एक विचारवंत ज्येष्ठ नागरिक".

"हे तू छापतोयस?" काटासाहेबांनी विचारलं.

"धंदा तो धंदा. त्यांनी आगाऊ पैसे दिलेत. आपले देत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "'पोपडे'मधला पो त्यांनी चुकीचा लिहून आणला होता. तो मी सुधारला."

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला हात जोडून काटासाहेब परत आले.

घरी येऊन बघतात तर रंगारी एकदाचा उगवला होता, आणि त्याने जुना रंग खरवडून दाराला रंगाआधीचं अस्तर देऊन टाकलं होतं. रंगाऱ्यांकडे अस्तर एकच असतं, तांबडं. किटलीवाल्यांचा झेंडाही तांबडा होता. आणि काटासाहेबांचं घर बरोबर शाळेसमोर, त्या शाळेत मतदान होणार. गल्लीने ते दार बघितलं आणि आता शंकेला जागा उरली नाही. किटलीवाल्यांचे दोघे हार घेऊन आले. काटासाहेबांनी तो गळ्यात घातला नाही, पण हातात घ्यावा लागला, आणि तेवढ्यात अध्यक्ष समोरच्या पदपथावरून गेले. ते न बघितल्यासारखं करून गेले, म्हणजे त्यांनी नीट बघितलं.

शिडीवाल्यांची लगेच तक्रार गेली. निवडणूक कचेरीतून नोटीस आली, की मतदान केंद्रासमोर पक्षाच्या रंगाचं दार का उभं केलंत ते समक्ष येऊन सांगा. काटासाहेब गेले. तिथल्या कारकुनाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे अस्तर कोणत्या पक्षाचं?" अस्तराला पक्ष नसतो असं काटासाहेब म्हणाले. मग ते अपक्ष म्हणून लिहू का, असं कारकुनाने विचारलं. त्यात थट्टा नव्हती, रकाना भरायचा होता. मी उद्याच वर दुसरा रंग देतो, असं काटासाहेबांनी सुचवलं. कोणता, हा प्रश्न आला. निळा एका पक्षाचा निघाला, पिवळा दुसऱ्याचा. पांढरा म्हणावं तर एका अपक्ष पहिलवानाचे कपडे पांढरे होते आणि त्या रंगासाठी त्याने आधीच अर्ज देऊन ठेवला होता. शेवटी असं ठरलं, की निकाल लागेपर्यंत दाराला ब्रश लावायचा नाही आणि दार झाकून टाकायचं.

झाकायला आलेल्या शिपायाने वर्तमानपत्रं चिकटवली. त्यातल्या एका पानावर शिडी पक्षाचे पुढारी होते, आणि ते नेमके कडीपाशी आल्यामुळे घरात जाताना त्यांचं नाक धरावं लागे. किटलीवाल्यांनी त्यावर हरकत घेतली. मग वर खाकी कागद लागला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी, त्यावर कचेरीचा शिक्का. दार उघडलं तर शिक्का मोडणार, म्हणून ते उघडायची बंदी. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वजनांवर शिक्के मारले, त्यांच्या घरावरच शिक्का बसला. पाहुणे, दूधवाला, विजेचं बिल, सगळं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने यायला लागलं. काकूंचं एका परीने बरं झालं. आता घरात काय चाललंय ते त्यांना पोळपाटावरून न उठता कळायचं.

आता या सगळ्यात एक अडचण राहून गेली होती. जो भेटेल तो विचारायचा, मग काय ठरलं? शिकवणीवाल्या बाईंनी तर विचारलं, की आपल्या विचारांची दिशा काय आहे. काटासाहेब प्रामाणिक माणूस. ज्या मालाचं कौतुक घेतोय तो माल आपल्या दुकानात नाही, हे त्यांना टोचायला लागलं. त्यांच्या खात्यात याला फसवणूक म्हणत. तेव्हा एका दुपारी त्यांनी ठरवलं, की आता खरंच विचार करू. ते आरामखुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि त्यांच्या लक्षात आलं की विचार करायला मुळात उमेदवार माहीत असावे लागतात.

शिडीकडून जावई उभा होता. कुणाचा, तर मागच्या नगरसेवकाचा. तो मागच्या दाराने येऊन गेला. या गल्लीत मी नळ आणून दाखवीन, असं त्याने वचन दिलं, तेव्हा त्याचा हात मोरीतल्या नळावर होता. काकूंनी नळ सोडून त्याला पाणी दिलं. तो ते आभार मानून प्यायला.

किटलीकडून दातांच्या डॉक्टरीणबाई. यांना काटासाहेब ओळखत होते, जबड्यापासून. मागे त्यांनी काटासाहेबांचा चुकीचा दात काढला होता. शेजारचा, धडधाकट. पण काढल्याबरोबर त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, "काका, चूक झाली. माझी." काटासाहेबांना तर कळलंही नव्हतं, त्यांचं तोंड बधिर होतं. निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्यात हजारो खोटी वजनं पकडली, पण "माझी चूक" असं पकडण्याआधी म्हणणारा माणूस त्यांना तो एकच भेटला होता. आता एका पारड्यात वडील, शाळेचा बाक, अध्यक्ष आणि रोजचा डाव; दुसऱ्या पारड्यात एक दात. काटा थरथरत राहिला. काटासाहेबांना झोपेतसुद्धा तो दिसायचा.

त्यांनी काकूंना विचारलं, की आपल्या घरातली दोन मतं आजवर शिडीलाच गेली ना?

"घरात दोन मतं आहेत हे खरं," काकू म्हणाल्या आणि भाजीत मीठ घातलं.

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, आणि काटासाहेबांना पुढे विचारायचा धीर झाला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही तराजू न तपासलेलेच बरे.

मतदानाचा दिवस उजाडला. दर निवडणुकीला अध्यक्ष त्यांना न्यायला यायचे आणि दोघं मिळून जायचे. या वेळी येणार नाहीत हे काटासाहेबांनी धरून ठेवलं होतं. तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून स्वयंपाकघरात बसले होते, काकूंच्या पायात पायात. मत एकवेळ जाऊ दे चुलीत, पण हा आज आला नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, हे त्यांना कळत होतं.

मागच्या दाराची कडी वाजली. अध्यक्ष आत आले, डब्यांच्या फळीखालून वाकून. "चल रे," एवढंच म्हणाले. "आपण" गेलं होतं.

"आधी बस," काटासाहेब म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. न्हाणीघर, साबण, न आलेला रंगारी. काकूंनी मधेच साक्ष दिली, की भावजी, यांचा डोळा दिवसभर लाल होता.  अध्यक्ष हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत.

"गाढवा, मग हे त्याच दिवशी येऊन का नाही सांगितलंस?"

"लोक शहाणा म्हणायला लागले होते. बरं वाटलं रे. शाळेत कधी कुणी म्हटलं नव्हतं."

"ते मात्र खरं," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "चल तर मग. मत आपलंच आहे म्हणजे."

आता काटासाहेबांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्या "हो"मध्ये सगळं परत मिळत होतं: मित्र, संध्याकाळ, समोरची खुर्ची. काकूंचं लाटणंसुद्धा थांबलं.

"त्या दिवशी मी विचार केला नव्हता," काटासाहेब हळू आवाजात म्हणाले. "पण मग सगळ्यांनी इतकं म्हटलं, की करावा लागला. आता तो थांबत नाही."

"कुणापुढे बोलतोयस कळतंय का? मी वॉर्डाचा अध्यक्ष आहे."

"मी माझ्या मित्राला सांगतोय. अध्यक्षांना हवं तर तू सांग."

 काकूंनी पुढे केलेला चहा अध्यक्षांनी बशीत ओतला आणि तसाच निवू दिला. मग ते बशीकडे बघत म्हणाले, "त्या जावयाने परवा सभेत मला विचारलं, काका, आपण कोण? मी त्याच्या सासऱ्याची पहिली पत्रकं उधारीवर छापली होती." त्यांनी चहा एका दमात संपवला. "चल. रांग वाढेल."

दोघं रस्ता ओलांडून शाळेत गेले. रांगेत काटासाहेब पुढे, अध्यक्ष मागे. बोटाला शाई लागली, कागद मिळाला, आणि काटासाहेब पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेले. शिडीचं चित्र जुन्या ओळखीच्या माणसासारखं त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी शिक्का उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आत त्यांनी कुठे मारला ते इथे सांगता येत नाही. मत गुप्त असतं, आणि काटासाहेब नियमाचे पक्के होते. एवढं खरं, की बाहेर येताना त्यांचा चेहरा काटा मधोमध येऊन थांबल्यावर व्हायचा तसा झाला होता.

मग अध्यक्ष आत गेले. पक्षाचा इतका जुना माणूस. शिंक यायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ते बाहेर यायचे, ही त्यांची ख्याती. ते आले नाहीत. रांगेतला एकजण खाकरला. मतदान अधिकाऱ्याने पेन्सिलीने टेबलावर वाजवलं. पुठ्ठ्याच्या खालून अध्यक्षांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. एक पाय दुसऱ्याच्या पोटरीवर खाजवत होता. विमेवाला दारातून डोकावून गेला. तरी चपला हलेनात.

शेवटी ते बाहेर आले. कपाळावर घाम, अंगठ्याला शाईचा डाग. कागद पेटीत टाकून ते काटासाहेबांजवळ येऊन उभे राहिले आणि भलतीकडेच बघत म्हणाले, "चष्मा घरी विसरलो रे. काही दिसेना."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"होतं असं कधी कधी," काटासाहेब म्हणाले, आणि दोघं म्हातारे रस्ता ओलांडून मागच्या दाराने घरात शिरले.